फसलेल्या यानाचा हिशेब

पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आणून शाकारून ठेवतात. जुलैचा शेवटचा आठवडा लागला की ताडपत्र्या निघतात, इंजिने खोलली जातात, पंख्याजवळचे झिजलेले जस्ताचे ठोकळे बदलले जातात आणि १ ऑगस्टच्या तयारीसाठी खाडीच्या काठाला माणसांची एकच लगबग उडते. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी मी तेथे होतो. तंत्रनिकेतनात माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आता बोटींवरची विजेची आणि वायरलेसची कामे करतो. तो एका बोटीच्या केबिनमध्ये मांडी घालून जीपीएस संचाची जोडणी उघडत होता. अंगठ्याएवढ्या त्या जोडणीत पाच पिना होत्या. त्यांतल्या दोन पिनांवर हिरवट पूड जमली होती, आणि तिसरी पिन बोटाचा स्पर्श होताच मोडून त्याच्या तळहातावर पडली. "सर, खाऱ्या वाऱ्याला तांबं भारी आवडतं," तो म्हणाला. आदल्या हंगामात अशीच एक जोडणी गेल्यामुळे दुसऱ्या एका बोटीचा संच रात्री बंद पडला होता, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ती हकीकत बंदरावरच्या प्रत्येक नाखव्याला सांगितली होती. तेव्हापासून बोट पाण्यात उतरण्याआधी जोडण्यांत ग्रीस भरले आहे की नाही, हे तांडेल स्वतः पाहून घेतात.

ती मोडलेली पिन पाहताना मला १९७३ सालची चार याने आठवली. सोव्हिएत संघाने त्या वर्षी जुलै आणि ऑगस्टमध्ये मार्स-४, मार्स-५, मार्स-६ आणि मार्स-७ अशी चार याने मंगळाकडे धाडली. त्यांच्या विद्युत मंडलांत वापरलेल्या एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरमध्ये आतल्या जोडण्या सोन्याऐवजी ॲल्युमिनियमच्या केल्या होत्या. त्या जोडण्या काही काळाने आतल्या आत गंजत आणि ट्रान्झिस्टर निकामी होई. प्रवासच काही महिन्यांचा, त्यामुळे मंगळ गाठेपर्यंत दोष डोके वर काढणार हे जवळजवळ ठरलेले होते. मार्स-४ ला वेग कमी करणारे इंजिन पेटवताच आले नाही आणि ते मंगळाला सुमारे २,२०० किलोमीटरवरून ओलांडून पुढे निघून गेले. मार्स-५ कक्षेत गेले, पण २२ प्रदक्षिणांनंतर गप्प झाले. मार्स-६ चा अवतरक, म्हणजे ग्रहावर उतरणारा भाग, मंगळाच्या वातावरणातून उतरताना काही मिनिटे बोलला आणि जमिनीजवळ पोचता पोचता त्याचा आवाज थांबला. मार्स-७ चा अवतरक वेळेआधीच सुटला आणि ग्रहाला सुमारे १,३०० किलोमीटरने चुकला. यातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की हा दोष उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत सापडलेला होता. यानांच्या मालकांना तो ठाऊक होता. जगाला तो अनेक वर्षांनंतर कळला.

परग्रहावर यंत्रे पाठवण्याच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास मी विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितला आहे, आणि तो जितक्या वेळा सांगितला तितके माझे एक मत पक्के होत गेले. सार्वजनिक पैशातून पाठवलेले यान फसले, तर त्याच्या चौकशीचा अहवाल ठरावीक मुदतीत आणि शक्य तितका संपूर्ण प्रसिद्ध झाला पाहिजे, आणि त्याचा सारांश मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध झाला पाहिजे. भारत सरकारने १८ सप्टेंबर २०२४ रोजी शुक्रावर यान पाठवण्याच्या १,२३६ कोटी रुपयांच्या मोहिमेला मंजुरी दिली असून ते मार्च २०२८ मध्ये सोडण्याचे नियोजन आहे. म्हणून हा प्रश्न आत्ता, यान जमिनीवर असतानाच, मांडायला हवा.

परग्रहावरच्या यंत्राची अडचण नेमकी कुठे असते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही. चाळीस सागरी मैलांवर इंजिन बंद पडले तर वायरलेसवर हाक देता येते, दुसरी बोट दोर टाकते, आणि काहीच जमले नाही तर तांडेल नांगर टाकून पहाटेची वाट पाहतो. यान एकदा सुटले की त्याला हात लागत नाही. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा त्याचा संदेश येथे पोचायला साडेबारा मिनिटांच्या आसपास लागत होते. म्हणजे इंजिन पेटले की नाही हे कळण्याआधीच जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. १९६० च्या दशकात यंत्रांना स्वतःचा निर्णय घेता येईल असे संगणकही नव्हते, ठरलेल्या वेळी ठरलेली कळ दाबणारे घड्याळ तेवढे होते. त्या घड्याळात चूक झाली तर काय होते, हे १० मे १९७१ रोजी सोडलेल्या एका सोव्हिएत यानाने दाखवले. पृथ्वीच्या कक्षेतून मंगळाकडे ढकलणारे इंजिन दीड तासाने पेटायचे होते, पण ते दीड वर्षाने पेटावे असा आकडा भरला गेला. यान पृथ्वीभोवतीच अडकले आणि दोन दिवसांत खाली कोसळले. त्याला 'कॉसमॉस-४१९' असे नाव देण्यात आले. पृथ्वीच्या कक्षेपलीकडे न गेलेल्या आंतरग्रहीय यानांना अशी सर्वसाधारण नावे देऊन नोंदवण्याची तेथे रीतच होती, त्यामुळे कोणते यान मंगळासाठी निघाले होते हेही बाहेरच्यांना ताडावे लागे.

यंत्र बनवणाऱ्यापुढे त्याहून मोठी अडचण अशी होती की आपण ज्या ठिकाणी यंत्र पाठवतो आहोत ते ठिकाण कसे आहे, हेच त्याला माहीत नव्हते. शुक्राचे उदाहरण मला याबाबतीत फार बोलके वाटते, म्हणून ते सविस्तर सांगतो. दाट ढगांखाली काय आहे हे दिसत नसल्याने तेथे वाळवंट असेल, दलदल असेल, किंवा समुद्रही असेल, असे सगळे अंदाज त्या काळी गंभीरपणे मांडले जात होते. १४ डिसेंबर १९६२ रोजी अमेरिकेचे मरिनर-२ शुक्राजवळून सुमारे ३४,८०० किलोमीटरवरून गेले आणि पृष्ठभाग भयंकर तापलेला असावा असा निष्कर्ष त्याच्या मोजमापांतून निघाला. तरीही १९६७ मध्ये वेनेरा-४ बांधताना सोव्हिएत अभियंत्यांनी पाण्यात उतरण्याची शक्यता सोडून दिली नाही. त्यांनी त्याच्या कोषाला साखरेचे कुलूप बसवले. कोष पाण्यात पडला तर साखर विरघळावी, कुलूप सुटावे आणि संदेश पाठवणारी अँटेना मोकळी व्हावी, अशी ती योजना होती. ज्याने आयुष्यात एकदा तरी मिठाची पिशवी भिजू न देता पावसातून घरी आणली आहे, त्याला त्या कुलपामागची चतुराई आणि त्या माणसांची अगतिकता दोन्ही एकाच क्षणी कळतील.

वेनेरा-४ ने १८ ऑक्टोबर १९६७ रोजी शुक्राच्या वातावरणात शिरून दीड तासाहून अधिक काळ माहिती पाठवली. दुसऱ्या ग्रहाच्या वातावरणातून थेट आलेली ती पहिली मोजमापे होत. संदेश थांबला तेव्हा बाहेरचा दाब पृथ्वीवरील हवेच्या सुमारे बावीसपट होता आणि कोषाने जमीन गाठली, असे आधी जाहीर करण्यात आले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे मरिनर-५ शुक्राजवळून गेले आणि त्याच्या रेडिओ निरीक्षणांशी हा दावा जुळेना. दोन्ही देशांतील शास्त्रज्ञांनी आकडे शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा उलगडा झाला की कोष जमिनीपासून बराच वर असतानाच संपला होता. पुढची वेनेरा-५ आणि वेनेरा-६ ही याने १९६९ च्या जानेवारीत पंचवीसपट दाब सोसतील अशी मजबूत करून पाठवली गेली. तीही जमिनीवर पोचण्याआधीच चिरडली. खरा दाब नव्वदपटीच्या पुढे होता आणि तापमान ४६० अंशांच्या वर. आपल्या जाळ्यांना लावलेली शिशाची वजने ३२७ अंशांना वितळतात. तेवढा दाब समुद्रात हवा असेल तर सुमारे ९०० मीटर खोल जावे लागेल, आणि आपल्या बोटी जाळी टाकतात ती उथळ किनारपट्टी त्याच्या जवळपासही जात नाही.

मग वेनेरा-७ आले. त्याचा कोष टायटॅनियमचा, १८० पट दाबासाठी बांधलेला. १५ डिसेंबर १९७० रोजी उतरताना त्याचे पॅराशूट निकामी झाले, कोष वेगाने आपटला आणि संदेश बंद झाल्यासारखे वाटले. मोहीम संपली असे समजून चाललेले असताना ध्वनिफिती पुन्हा तपासण्यात आल्या, आणि खरखरीखाली दडलेला, नेहमीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा क्षीण असा २३ मिनिटांचा संदेश सापडला. कोष बहुधा कलंडला होता आणि अँटेनेचे तोंड भलतीकडे झाले होते. आतला एक स्विच अडकल्यामुळे त्या सगळ्या वेळात फक्त तापमान येत राहिले. दुसऱ्या ग्रहाच्या पृष्ठभागावरून माणसाला मिळालेला हा पहिला संदेश. बावीसपट, पंचवीसपट, एकशेऐंशीपट ही चढण नुसत्या धाडसाने चढलेली नाही. प्रत्येक चिरडलेल्या कोषाने सांगितलेला शेवटचा आकडा पुढच्या कोषाच्या भिंतीची जाडी ठरवत गेला, आणि पहिला आकडा चुकीच्या अर्थाने वाचला गेला तो दुरुस्त होऊ शकला, कारण दुसऱ्या देशाचे मोजमाप शेजारी ठेवायला उपलब्ध होते.

अमेरिकेकडेही फसलेल्या यानांची यादी काही लहान नव्हती. मरिनर-१ हे शुक्राकडे निघालेले पहिले अमेरिकी यान २२ जुलै १९६२ रोजी उड्डाणानंतर पाच मिनिटांच्या आत नष्ट करावे लागले. मार्गदर्शनाच्या समीकरणातील एका अक्षरावरची आडवी रेघ सूचना लिहिताना गळली होती. मरिनर-३ तर ५ नोव्हेंबर १९६४ रोजी व्यवस्थित उडाले, पण त्याच्यावरचे तंतुकाचेचे (फायबरग्लासचे) संरक्षक आवरण सुटेना, सौर पंख उघडेनात, आणि बॅटरी संपून ते मेले. मंगळाकडे जाण्याची संधी सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते आणि महिन्याभरात निघून जाते. त्या मंडळींनी कारण शोधले, धातूचे नवे आवरण बनवले आणि त्याचे जुळे भावंड मरिनर-४ अवघ्या २३ दिवसांनी, २८ नोव्हेंबरला सोडले. १५ जुलै १९६५ च्या सुमारास ते मंगळाजवळून सुमारे ९,८०० किलोमीटरवरून गेले आणि त्याने २२ चित्रे टिपली. प्रत्येक चित्रात २०० ओळी, प्रत्येक ओळीत २०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ६ बिट. आणि सेकंदाला सव्वाआठ बिटांच्या आसपास वेगाने ते घरी पाठवायचे. एका चित्राला आठ तास लागत. पहिल्या चित्राचे आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापून येऊ लागले तेव्हा संगणकावरचे चित्र तयार होईपर्यंत थांबवेना, म्हणून अभियंत्यांनी त्या पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवल्या आणि आकड्यांप्रमाणे रंगीत खडूंनी हाताने रंगवल्या.

मरिनर-४ ने आणखी एक गोष्ट कळवली. मंगळाची हवा आधीच्या अंदाजापेक्षा कितीतरी विरळ, पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी आहे. त्यामुळे नुसत्या पॅराशूटने उतरण्याच्या सगळ्या कल्पना मोडीत निघाल्या आणि पुढे अमेरिकेच्या वायकिंग यानांच्या अवतरकांना उष्णतारोधक कवच, पॅराशूट आणि शेवटी इंजिने असे तिन्ही उपाय करावे लागले. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये मंगळावर प्रचंड धुळीचे वादळ चालू असताना मरिनर-९ तेथे पोचले. त्याला पृथ्वीवरून नव्या सूचना देता येत असल्याने धूळ बसेपर्यंत ते थांबवून ठेवता आले. त्याच वेळी पोचलेल्या सोव्हिएत मार्स-२ आणि मार्स-३ यांना थांबण्याची सोय नव्हती. मार्स-२ चा अवतरक आपटून फुटला, आणि मार्स-३ चा अवतरक २ डिसेंबरला अलगद उतरून सुमारे वीस सेकंदांत कायमचा गप्प झाला.

आता चौकशी अहवालांकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तेथे आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' मंगळाच्या वातावरणात फार खोल शिरले आणि नष्ट झाले. एका गटाने धक्क्याचे माप पौंडांत दिले होते, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये आहे असे धरले, आणि या दोन मापांत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. ही मापांची चूक सर्वांना माहीत आहे. मला अहवालातली दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते. मार्ग मोजणाऱ्या माणसांना प्रवासातच काहीतरी चुकते आहे असे जाणवले होते, पण ती शंका ठरलेल्या नमुन्यात रीतसर नोंदली गेली नाही म्हणून ती वरपर्यंत पोचली नाही. हे सगळे सांगणारा पहिला अहवाल १० नोव्हेंबर १९९९ रोजी, म्हणजे सात आठवड्यांत, जगापुढे होता. ३ डिसेंबरला 'मार्स पोलर लँडर' गेले. पाय उघडतानाच्या हिसक्याला यंत्राने जमीन लागली असे समजून सुमारे ४० मीटर उंचीवर इंजिने बंद केली असावीत, असा निष्कर्ष पुढच्या चौकशीत निघाला, आणि उतरताना माहिती पाठवण्याची सोयच न ठेवल्यामुळे खात्री करता येत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले गेले. त्याच घराण्यातला २००१ साठी बांधलेला अवतरक मग कोठारात ठेवला गेला, पुन्हा तपासला गेला, त्यातले दोष काढले गेले, आणि तोच 'फिनिक्स' या नावाने २५ मे २००८ रोजी मंगळाच्या उत्तर भागात सुखरूप उतरला.

याच्या उलट बाजूचे उदाहरण ब्रिटनचे आहे. 'बीगल-२' हा छोटा अवतरक २००३ च्या नाताळाच्या दिवशी मंगळावर उतरणार होता आणि त्याचा एकही संदेश आला नाही. चौकशी झाली, पण संपूर्ण अहवाल प्रसिद्ध झाला नाही, शिफारशी तेवढ्या जाहीर झाल्या. २००५ च्या सुरुवातीला तेथे माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा लागू झाला, आणि त्याखाली मागणी आल्यावर अहवाल बाहेर आला. तो वाचून ब्रिटनचे काही बिघडले नाही. पुढे २०१५ मध्ये कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांत बीगल-२ मंगळावर उभा दिसला, त्याचे सगळे सौर पंख उघडलेले नव्हते. इतक्या कमी पैशांत आणि घाईत बांधलेले यंत्र जमिनीपर्यंत नीट पोचले होते, ही त्याच्या निर्मात्यांसाठी केवढी मोठी गोष्ट! त्यांच्यातले काही जण ती पाहायला हयात नव्हते.

आपल्याकडे काय होते? इस्रोने काही वेळा फार चांगला पायंडा पाडला आहे, आणि तो मी आवर्जून सांगतो. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळयानाची कक्षा वाढवताना अपेक्षित वेग सेकंदाला १३० मीटरने वाढायचा होता, तो फक्त ३५ मीटरने वाढला. इंधनाच्या झडपेची मुख्य आणि राखीव अशी दोन्ही वेटोळी एकदम चालवून पाहताना प्रवाह थांबला, हे कारण त्याच दिवशी जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी उणीव भरून काढण्यात आली. त्या एका दिवसाच्या मोकळेपणामुळे माझ्या वर्गातल्या मुलांना राखीव यंत्रणा म्हणजे काय, आणि ती तपासणेसुद्धा किती जोखमीचे असते, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले कळले. ऑगस्ट २०२१ मधील जीएसएलव्ही-एफ१० या अग्निबाणाचे उड्डाण आणि ऑगस्ट २०२२ मधील एसएसएलव्ही या छोट्या अग्निबाणाचे पहिले उड्डाण यांच्या अपयशाची कारणेही इस्रोने स्वतः प्रसिद्ध केली. परंतु ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा विक्रम अवतरक आदळला, त्याच्या चौकशीचा संपूर्ण अहवाल लोकांपुढे आला नाही. संसदेत काही ओळींचे उत्तर मिळाले. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साचत गेल्या, यानाला फार जलद वळावे लागले पण त्याच्या वळण्यावर मर्यादा घातलेली होती, आणि उतरायची जागा फक्त ५०० मीटर लांबी-रुंदीची ठेवली होती, हे इतके सविस्तर विवेचन इस्रोच्या तत्कालीन अध्यक्षांनी २०२३ मध्ये, चांद्रयान-३ च्या उड्डाणाच्या तोंडावर केले. मे २०२५ मधील पीएसएलव्ही-सी६१ या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्यातील बिघाडाबाबतही घटना कळली, संपूर्ण अहवाल कळला नाही. एकदा सांगायचे, एकदा सांगायचे नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिले आहे, आणि माझा आक्षेप या मर्जीला आहे.

याला पहिले उत्तर सुरक्षेचे दिले जाते, आणि ते हलक्याने घेण्यासारखे नाही. अग्निबाणाची घन इंधनाची मोटर आणि क्षेपणास्त्राची मोटर यांचे शास्त्र एकच आहे. मार्गदर्शनाची यंत्रणाही दोन्हीकडे लागते. अशा भागांची मोजमापे झाकून ठेवावीत, याला माझी पूर्ण मान्यता आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातही कलम ८ मध्ये देशाच्या वैज्ञानिक आणि सामरिक हितासाठी तशी सवलत दिलेली आहे. पण त्याच कायद्याचे कलम ४ सांगते की सार्वजनिक संस्थेने आपणहून माहिती प्रसिद्ध करावी. दोन्ही कलमे एकाच कायद्यात आहेत, कारण झाकायचे काय आणि उघड करायचे काय याची रेघ विचार करून आखायची असते. परग्रहावर उतरणाऱ्या यानाने वळण्याची मर्यादा किती ठेवली, शंका कोणी मांडली आणि ती कोठे अडली, किती चाचण्या वेळेअभावी गाळल्या, यातून शत्रूच्या हाती काही लागत नाही. रेघ आखण्याचे काम मात्र ज्यांची चूक झाली त्यांच्याकडेच सोपवू नये. त्यासाठी बाहेरच्या दोन-तीन जाणकारांचा समावेश असलेली समिती असावी.

दुसरे उत्तर असे की अपयशाचे तपशील बाहेर आले तर थट्टा होईल, शास्त्रज्ञांचे मनोधैर्य खचेल. २०१९ च्या त्या रात्री आमच्या वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात मोठा टीव्ही लावून शंभरेक माणसे जागत बसली होती. पडद्यावरची रेघ ठरलेल्या मार्गावरून ढळली आणि सगळे गप्प झाले. त्यांतल्या एकानेही थट्टा केली नाही. घरी जाताना एका म्हाताऱ्या खलाशाने मला एवढेच विचारले, "मास्तर, कशानं झालं तां कलंल ना?" त्याला मी होय म्हटले. चार वर्षे मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. लोक थट्टा करतात ती बहुधा माहिती नसते तेव्हा. रिकामी जागा अफवांनी भरते. शिवाय चांद्रयान-३ ची उतरण्याची जागा सुमारे चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद केली, पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढवले, वेग थेट मोजणारा लेसर संच बसवला आणि काय काय चुकू शकते हे धरूनच सगळी आखणी केली, याचा अभिमान खऱ्या अर्थाने त्यालाच वाटेल ज्याला आधी काय चुकले होते हे ठाऊक आहे.

आणि नोंद न ठेवण्याची किंमत फक्त आकाशात मोजावी लागते असे नाही. आमच्या वाडीच्या नळपाणी योजनेचा पंप चार वर्षांत तीनदा जळला. प्रत्येक वेळी मोटर भरून आणली, बिल दिले, आणि का जळली हे कोणी कोठे लिहिले नाही. चौथ्या वर्षी एका वायरमनने तिन्ही बिलांच्या तारखा शेजारी ठेवल्या. तिन्ही एप्रिलच्या शेवटच्या पंधरवड्यातल्या होत्या. विहिरीचे पाणी तेव्हा पंपाच्या नळीच्या तळाशी असलेल्या फुटझडपेच्या खाली जात होते आणि पंप कोरडा चालत होता. दीडशे घरांनी तीन उन्हाळे टँकरचे पाणी प्यायले ते एका न लिहिलेल्या ओळीपायी. परग्रहावरचे यान आणि वाडीचा पंप यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण फसण्याची कारणे झाकण्याची सवय एकच असते आणि ती वरून खाली झिरपते. सर्वांत मान असलेली संस्था जे करते ते खालचे कार्यालय उचलते.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. यान किंवा अग्निबाण फसल्यापासून एका वर्षाच्या आत अहवाल संसदेच्या पटलावर यावा. जो भाग झाकला असेल तो कोणत्या कारणासाठी आणि किती वर्षांसाठी झाकला, हे त्यातच लिहिलेले असावे. आणि त्याचा पंधरा-वीस पानांचा, आकृत्यांसह केलेला सारांश मराठीत यावा. भाषेचा मुद्दा मला शेवटी जोडायचा म्हणून जोडलेला नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या जिल्ह्यांतून दरवर्षी पदविका आणि आयटीआयमधून बाहेर पडणारी मुले बोटींचे संच, शीतगृहांची यंत्रे, बंदरांवरच्या याऱ्या सांभाळतात. मासे कोठे मिळतील याची उपग्रहाधारित सूचना हैदराबादच्या केंद्रातून त्यांच्या मोबाइलवर येते, वादळाचा इशारा येतो. आकाशातल्या यंत्रांशी त्यांचे नाते रोजचे आहे. त्यांना हे अहवाल वाचायला मिळाले तर ते वाचतील, आणि आपल्या कामाशी लावून पाहतील.

याची मला खात्री आहे, कारण त्या सकाळी आंजर्ल्याच्या खाडीत मी मोडलेली पिन हातात घेऊन त्या मुलाला मार्स मालिकेतल्या ट्रान्झिस्टरची गोष्ट सांगितली. सोने, ॲल्युमिनियम, गंज हे त्याला लगेच कळले, त्याने मानही डोलावली. मग हातातला ब्रश ग्रीसच्या डब्यात तसाच ठेवून त्याने विचारले, "पण सर, आधीच कळलं होतं ना त्यांना? मग सोडली कशाला?" मी त्याला सांगितले की मंगळाकडे जायची वेळ हुकली असती तर पुन्हा दोन वर्षे थांबावे लागले असते, अमेरिकेची वायकिंग याने पुढच्या खेपेला निघणार होती, आणि एवढे सुटे भाग बदलायला वेळ उरला नव्हता. त्यावर तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हां, म्हणजे एक ऑगस्टची घाई." आणि पाचवी पिन पुसायला लागला.